परत भाजा

“तुझ्या घरच्या ताटात वाढशील का गं ही?”

“वाढीन की, आक्का.”

“कांडा.”

एवढं झालं की डंक सुरू व्हायचा. लोखंडी मुसळं एकापाठोपाठ एक उचलली जायची, खाली आदळायची, आणि आमच्या पत्र्याच्या शेडला दिवेलागणीपर्यंत हादरे बसत राहायचे. पण आधी हा सवाल, मग डंक. सवालावाचून डंक सुरू झालेला मी कधी पाहिला नाही.

गडहिंग्लजच्या बाजारामागे आमचं चटणीचं काम होतं. चटणी म्हणजे आमच्याकडे वर्षाची कांदा-लसणाची, लाल. माझ्या सासूबाईंनी ते काम उभं केलं होतं. गाव त्यांना आक्का म्हणायचं, मी आत्याबाई. रीत अशी होती, की मिरचीचा घाणा भाजून झाला की भाजणाऱ्या बाईनं त्यातली मूठभर मिरची दगडी उखळात मिठाबरोबर कुटायची, भाकरीच्या तुकड्यावर ठेवायची आणि आत्याबाईंना नेऊन द्यायची. त्या पाटावर बसलेल्या असायच्या. तुकडा तोंडात टाकायच्या, सावकाश चावायच्या, त्या बाईच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या. मग एक तर ‘कांडा’, नाहीतर ‘परत भाजा’. ह्याच्या पलीकडे अक्षर नाही. सासरे गेले तेव्हा दिवसकार्य उरकून त्या शेडात आल्या, पदर सारखा केला, आणि पहिला बोल तोच.

भाजणीवर हसीना होती. गळा गोड आणि तोंड तिखट. कढईत उलथनं फिरवता फिरवता ती आत्याबाईंना ऐकू जाईल अशी ओवी घालायची:

आक्काच्या दारात गं, रोजचा एकच सवाल
कावळा बी कंटाळला, म्हणे बदल आता ताल

सगळ्या हसायच्या. आत्याबाईही हसायच्या. आणि पुढचा तुकडा आला की पुन्हा, “तुझ्या घरच्या ताटात वाढशील का गं ही?”

मला ते ऐकून शीण यायचा. दिवसभर नाकाला ओढणी बांधून, मिरचीच्या धुरळ्यात देठ खुडून बोटं पेटलेली. रात्री लेकराला जवळ घ्यायलाही भ्यायचं, न जाणो त्याच्या डोळ्याला हात लागायचा. आणि हे सगळं फक्त उन्हाळ्याचं. पावसाळा लागला की शेडाला कुलूप, बायका वाटेल तिकडे पांगायच्या. हसीना आजऱ्याकडे काजूच्या कारखान्यात जायची. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडं काळं पडून सोलून निघतं. दरवर्षी ती पुढच्या उन्हाळ्याला यायची ते हात पदरात लपवून.

माझा नवरा दिनकर पुण्याला एका कंपनीत होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. पोरगं त्याला पाहून माझ्या मागे दडायचं. काम वर्षभर चाललं तर दिनकर परत येणार, माल पोचवायचं बघणार, असं आमचं ठरलेलं होतं. म्हणून मीच पुण्याचे पोतदार गाठले. त्यांची किराणा मालाची दुकानं होती, शहरात ठिकठिकाणी. आमची चटणी त्यांनी चाखली होती. फोनवर म्हणाले, “वहिनी, मी स्वतः येतो. तुमचा घाणा कांडताना बघतो. संध्याकाळी माल टेम्पोत भरायचा आणि वर्षाचं पक्कं करायचं.”

मी शेडात सांगितलं. तानूबाई, आमच्यातली सगळ्यांत जुनी, डंकाच्या खांबाला हात लावून म्हणाली, “पावसाळ्यात बी चालंल म्हणतीस हे?”

“चालंल.”

हसीनानं आपल्या तळहातांकडे पाहिलं. बोलली मात्र वेगळंच. “मग आक्काचा सवाल बी पावसाळ्यात ऐकावा लागणार म्हणा की!”

पोतदार यायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. डोक्यात शंभर विचार. आमटीला मीठ घातलं, लेकरू रडलं, त्याला घेऊन आले आणि पुन्हा घातलं असावं. आत्याबाई घाईत होत्या, शेडात परत जायचं होतं. मी त्यांना आधी वाढलं. त्यांनी भात कालवला, जेवल्या, आमटी पुन्हा मागून घेतली, आणि हात धुऊन गेल्या.

मग मी जेवायला बसले. पहिलाच घास घेतला आणि तसाच बाहेर काढला. जीभ चरचरली. ती आमटी माणसानं गिळावी अशी नव्हतीच.

मी ताटाकडे बघत राहिले. मला आठवलं, मागे एकदा दूध उतू जाऊन जळत होतं, सगळ्या घरात वास, आणि त्या शेजारीच लसूण सोलत बसलेल्या. मी धावत आले तर म्हणाल्या, “काय झालं गं?” चहात साखर पडली काय, न पडली काय, त्यांनी कधी काही म्हटलेलं मला आठवेना.

आत्याबाईंना चव नव्हती. वासही नव्हता.

रात्रभर मी कूस बदलत राहिले. ज्या जिभेच्या भरवशावर सगळा गाव आमच्या दारात रांग लावत होता, ती जीभ नव्हतीच. आणि उद्या पोतदारांसमोर त्या पाटावर बसून चावणार, ‘कांडा’ म्हणणार. म्हणोत. एक शब्दच तर आहे. तो एवढा उद्या पडला की दिनकर घरी येईल. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं आणि पहाटे कधीतरी डोळा लागला.

पोतदार बोलल्या वेळेला आले. साधा माणूस, पायातल्या चपला दाराबाहेर काढून शेडात आला. टेम्पो बाहेर झाडाखाली उभा केला. सगळं हिंडून बघितलं, खोबरं तोडून बघितलं, तिळाची मूठ हुंगली. हसीनाची भाजणी चालली होती. त्या दिवशी तिनं ओवी घातली नाही. मला वाटलं, पाहुण्यासमोर लाजली.

घाणा उतरला. हसीनानं मूठभर मिरची कुटली, भाकरीवर ठेवली. एक तुकडा पोतदारांना दिला, एक मला, एक आत्याबाईंना.

पोतदारांनी डोळे मिटले. नाकाच्या शेंड्यावर घाम आला. “वा! काय रंग आहे, काय झणका! वहिनी, हीच हवी मला.”

मीही चाखली. चांगली होती. खरंच चांगली होती.

आत्याबाई सावकाश चावत होत्या. घास गिळला. हसीनाकडे पाहिलं.

“तुझ्या घरच्या ताटात वाढशील का गं ही?”

“वाढीन की, आक्का.”

आत्याबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. डंकाजवळ तानूबाई बटणावर हात ठेवून उभी.

“परत भाजा,” आत्याबाई म्हणाल्या.

पोतदार हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग कुणीच हसत नाही हे पाहून त्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी आत्याबाईंचा दंड धरला, त्यांना उठवलं आणि मागच्या कोठीत नेलं. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये आम्ही दोघी.

“आत्याबाई, काय चाललंय हे? चांगली आहे ती चटणी!”

“असंल.”

“असंल काय? मी खाल्ली, पोतदारांनी खाल्ली. तुम्हाला चव कळत नाही! काल आमटी नुसतं मीठ होती, तुम्ही दोनदा घेतलीत. मग कशाच्या जिवावर परत भाजा म्हणता?”

त्या पोत्यावर टेकल्या. एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

“तुला कळलं व्हय,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. कुणीतरी एकीला कळाय पायजे होतं.”

“कधीपासून?”

“तू ह्या घरात यायच्या आधी ताप आला हुता. उठले तवा तोंडात माती. आज येईल, उद्या येईल, म्हणत ऱ्हायले. न्हाई आली.”

“आणि तरी रोज पाटावर बसता?”

“मग काय करू? मी उठले तर ह्या बायांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?” त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. “पोरी, मी चटणी बघत न्हाई. बाई बघते. हसीनाला इतकी वरसं रोज त्येच इचारते. ‘वाढीन की’ म्हणताना तिची मान कशी हलती, डोळं कुठं जात्यात, सगळं पाठ हाय मला. आज ती माझ्या कपाळाकडं बघून बोलली.”

“एवढ्यावरनं?”

“एवढ्यावरनंच. रोज निराळं इचारलं असतं तर उत्तर बी रोज निराळं आलं असतं. त्यातलं खरं कुठलं आन् खोटं कुठलं, मला काय उमजलं असतं?” मग जरा थांबून म्हणाल्या, “जा, तिलाच इचार. मी न्हाई इचारणार. मी तेवढंच इचारते, दुसरं काई इचारायची मला सवय न्हाई.”

हसीना चुलीपुढे बसली होती. मी शेजारी बसले, उलथनं धरलेला तिचा हात पाहिला.

“हसीना, काय झालंय मिरचीला?”

“काय झालंय? काई न्हाई.”

“हसीना.”

तिनं उलथनं खाली ठेवलं. “वहिनी, परवाच्या वळवात मागच्या भिंतीकडची पोती खालनं भिजली. पोतदार येणार म्हणून मी सांगितलं न्हाई. तव्यावर मंद आचेवर वाळवली, कोरड्या मिरचीत मिसळली. आज काई कळणार न्हाई. पोतदारच काय, त्याच्या बापाला बी कळणार न्हाई.”

“आणि पुढे?”

“पुढं…” ती चुलीकडे बघत म्हणाली. “पुढं डब्यात बसून बसून कुबट वास धरंल. वरनं कडक झाली तरी आतनं ओलीच हाय ती.” आणि मग एकदम माझ्याकडे वळून, रागानं, “मला न्हाई जायचं पुन्ना काजूला! हे हात बघ. नवरा ह्या हातचं पाणी घेताना तोंड वाकडं करतो. एक साल चाललं असतं की गं! एका सालात कोण मरतं व्हय कुबट चटणीनं?”

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटल्या. पुण्याहून निघणारी दिनकरची गाडी मला दिसत होती. ती आता निघणार नव्हती.

पोतदारांना मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मिरची निवडून, उन्हाला घालून पुन्हा भाजावी लागेल. उद्या-परवा माल देतो. चांगला देतो.

त्यांनी टेम्पोकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“वहिनी, तुम्ही खरं बोललात, मी विसरणार नाही. पण माझं दुकान असं आहे, की ठरल्या दिवशी फळीवर डबा दिसला पाहिजे. आज टेम्पो रिकामा नेला तर पुढच्या वेळी भरून येईल हे मी कशावर धरू? गिऱ्हाईक एकदा परत गेलं की गेलं.” त्यांनी चपला घातल्या. “तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. माझंही बरोबर आहे. काय करायचं?”

टेम्पो गेला. रस्त्यावरची धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

 शेडात एकदम सगळ्या बोलू लागल्या. कुणी म्हणालं, आक्काला काय जातंय, तिचं पोट भरलंय. कुणी म्हणालं, पुण्याच्या माणसाला एवढं कळतंय व्हय, डबा संपला असता तवर. कुणी हसीनाला घालूनपाडून बोललं. हसीना ऐकून घेत राहिली. मीही एका खांबाला टेकून बसले. मला कुणाची बाजू घ्यायची ताकद नव्हती. आत्याबाई कोठीतून बाहेर आल्या, सगळं ऐकलं, पोत्याची शिवण उसवली, मिरच्या चवाळ्यावर ओतल्या आणि एकट्याच निवडायला बसल्या. एक मिरची उचलायची, मधोमध मोडायची, आत बुरशीचं पांढरं दिसलं की बाजूला.

थोड्या वेळानं तानूबाई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग दुसरी. मग हसीना. कुणी कुणाची समजूत घातली नाही. ऊन फार होतं आणि मिरच्या फार होत्या.

दुपारी तानूबाई पाणी प्यायला माझ्याजवळ आली. मला राहवलं नाही.

“तानूबाई, तुम्हाला एक सांगू? आत्याबाईंना—”

“चव न्हाई,” ती तांब्या तोंडापासून बाजूला घेत म्हणाली.

“तुम्हाला ठाऊक आहे?”

“समद्यांस्नी ठाऊक हाय गं. तापातनं उठली त्या साली एका घाण्याला उखळात मीठच पडलं न्हवतं, तरी ही ‘कांडा’ म्हणाली. तवाच कळलं. तवापास्नं आम्ही आधी चाखतो. समद्याजणी, तुमच्या दोघींच्या माघारी. तिच्यापुढं न्यायच्या आधी घाणा सात तोंडांतनं जातो.” ती हसली, दात नसलेलं हसू. “डोळस माणसाला फसवायला काई वाटत न्हाई, सूनबाई. आंधळ्याच्या हातात खोटा रुपाया कसा ठेवावा?”

“मग आज?”

“आज हसीनानं चाखलं एकटीनं. आम्हाला न्हाई दिलं. तवाच म्या वळखलं, हिच्या पोटात काईतरी हाय.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

तानूबाईनं तांब्या पालथा घातला. “मला बी पावसाळ्यात काम पायजे हुतं की.” जाता जाता ती थांबली. “आक्काला सांगू नगंस, आमास्नी ठाऊक हाय म्हणून. तिला वाटतंय, तिनं झाकून ठेवलंय. ऱ्हाऊ दे तसंच.”

त्या दिवशी संध्याकाळी घरी परतताना मी आत्याबाईंच्या मागून चालत होते. त्यांची चाल मंद झाली होती. विहिरीपाशी मी विचारलं, “रोज तेच तेच विचारायचा कंटाळा येत नाही तुम्हाला?”

“येतो की,” त्या मागे न बघता म्हणाल्या. “लई येतो. सकाळी पाटावर बसताना वाटतं, आज ऱ्हाऊ दे. कांडू देत त्यांचं त्या. पर आज सोडलं की उद्या इचारल्याला जोर ऱ्हात न्हाई बघ.” आणि थोडं चालून झाल्यावर, “दिनकर यायचा हुता न्हवं?”

“हो.”

 माझ्या कडेवरचं पोरगं घेतलं आणि घरापर्यंत त्यांनीच उचलून नेलं.

पोतदार परत आले नाहीत. दिनकर पुण्यालाच राहिला, आणखी कितीतरी वर्षं. पावसाळा लागला आणि हसीना काजूला गेली. माझ्या हातून ह्यातलं काही बदललं नाही, आणि आता पाटावर मी बसते तेव्हाही एखादी पोरगी टोमणा मारते, की वहिनीचं तुणतुणं सुरू झालं. माझी जीभ धड आहे. तिचा फारसा उपयोग होत नाही, एवढं मात्र आता ठाऊक झालंय.

पण मला सांगायचं आहे ते त्या मिरच्या उन्हातून उतरल्या त्या दिवसाचं. खडखडीत वाळल्या होत्या. हसीनानं पुन्हा भाजल्या. ह्या वेळी तिनं सगळ्यांना बोलावून चाखायला दिलं. सात तोंडांतून तुकडा फिरला, मला धरून आठ. सगळ्यांनी मान हलवली. मग तिनं उखळात पुन्हा मूठभर कुटली, भाकरीवर ठेवली आणि आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली. सुजलेले डोळे, पण डोळ्याला डोळा.

सवाल झाला. जवाब झाला.

आत्याबाई ‘कांडा’ म्हणाल्या. आम्ही आपापल्या जागी वळलो. तेवढ्यात त्या आणखी बोलल्या. मी त्या घरात आल्यापासून चटणीच्या चवीवर त्यांनी काढलेला तो पहिला शब्द. का काढला कोण जाणे. कदाचित मला कळलंय ह्याचा धसका असेल. कदाचित हसीनाशी दोन शब्द बोलावे असं वाटलं असेल, आणि दुसरं काही सुचलं नसेल.

“झाक झालीया,” त्या म्हणाल्या. “लसूण तेवढा जरा पुढं आलाय.”

लसूण आमच्याकडे डंकावर पडायचा, मिरची कांडून झाल्यावर. उखळात तो घातलेलाच नव्हता.

तानूबाईचा हात बटणावरच राहिला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मी तर जमिनीकडे बघत होते.

हसीनानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“व्हय आक्का,” ती म्हणाली, “पुढल्या घाण्याला कमी घालते.”

आणि तानूबाईनं डंक सुरू केला.